अकरावी सळई

प्रुइट गावात कुणालाही खड्डा हवा असला की लोक हायरम डाऊडला बोलवायचे. विहीर असो, तळघर असो, संडास असो, नाहीतर कबर. गडी अंगानं वाळल्या चिपाडासारखा, पण टिकाव हातात आला की माणसानं बघत उभं राहावं. त्यानं खणलेल्या खड्ड्याचे कोपरे काटकोनात, बाजू तासून अशा गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. कान्ससच्या त्या उघड्या माळावर गाव वसलं त्याच साली तो आला होता, आणि गावाच्या पोटात काय आहे हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याची एक खोड मात्र गावाला कधी उमगली नाही. फ्रंट स्ट्रीटवर, म्हणजे ठेसणासमोरच्या रस्त्यावर, कुणी काही खणायला काढलं की हा न बोलावता हजर. तिथं तो निम्म्या मजुरीत खणायचा, कधी नुसत्या जेवणावर. हॉटेलाचं तळघर त्यानं खणलं, घोडी बांधायच्या खांबांचे खड्डे त्यानं घेतले, धान्याच्या गाड्या तोलायच्या काट्याचा खड्डाही त्याचाच. आणि तिथं खणताना वरचं हातभर तो टिकाव लावायचा नाही. खुरपायला बसल्यासारखा गुडघ्यावर बसायचा, छोट्या फावड्यानं माती काढायचा आणि बोटांतून चाळायचा.

"हायरमकाका, सोनं पुरलंय का काय हितं?" घोड्यांच्या तबेल्यातली पोरं विचारायची.

"पुरलं आसतं तर तुमास्नी सांगितलं आसतं व्हय?" तो म्हणायचा आणि चाळत राहायचा.

बायको किझाया घरी टोमणा मारायची. सारा गाव तिला किझी म्हणायचा. "फ्रंट स्ट्रीटला कोन ठेवलीयास रं तू? निम्म्या मजुरीत तर लोकं मढंबी उचलत न्हाईत."

"तिथली भुई मऊ हाय," तो म्हणायचा.

हे धादांत खोटं होतं. तिथली भुई गावात सगळ्यांत कडक. हे किझीलाही ठाऊक होतं, पण नवऱ्याची एखादी खोड न कळता संसार होतो, हेही तिला ठाऊक होतं.

अठराशे सत्तरच्या उन्हाळ्यात कर्नल लेम्युएल प्रुइट सात गाड्या घेऊन एल्म ओढ्याच्या वळणावर उतरला होता. तो लढाईतला खरा कर्नल की नुसता नावाचा, हे कुणी विचारलं नाही. दाढी होती, आवाज होता आणि खिशात जमिनीचे कागद होते. गाव वसवायला तेवढं पुरतं. आज कोर्टाच्या दालनात त्याची तसबीर आहे. शेजारी त्याच्या गिरणीवाल्या मेव्हण्याची, पलीकडे पहिल्या पाद्र्याची. एल्नेथन बर्चची तसबीर तिथं नाही. गाव आखलं ते मात्र त्यानं.

बर्च मोजणीदार. बुटका, तंबाखू चघळणारा, आणि एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं न बोलणारा. त्याच्या साखळीला दोन गडी लागायचे. मागचं टोक हायरमच्या हातात, पुढचं मॅकगिल नावाच्या एका आयरिश पोराच्या. साखळी सहासष्ट फुटांची. बरोबर अकरा लोखंडी सळया, प्रत्येकीच्या डोक्याला लाल चिंधी. निघतानाची पहिली सळई सुरुवातीलाच रोवायची. मग पुढच्यानं साखळी ताणायची, टोकाशी सळई रोवायची. मागच्यानं येताना मागली उपटून जवळ ठेवायची. पुढच्याच्या सळया संपल्या की थांबायचं आणि मागच्यानं मोठ्यानं मोजायचं. दहा हातात, अकरावी समोर भुईत. म्हणजे दहा साखळ्या झाल्या. मग हातातल्या दहा पुन्हा पुढच्याच्या हवाली. मोजणी म्हणजे दुसरं काही नाही, एवढंच. पण बर्चनं पहिल्या दिवशी दोघांचे हात बायबलवर ठेवून त्यांना शपथ घ्यायला लावली होती: साखळी ताठ धरीन, सळया खऱ्या मोजीन. हायरमला तेव्हा हसू आलं होतं. लोखंडाच्या काड्या मोजायला देवाला कशाला मधे घालायचं?

गावाच्या मधल्या दगडापासून दक्षिणेला चाळीस साखळ्यांवर हद्दीची खुंटी मारायची होती. तीस साखळ्या झाल्या, सळया मोजून झाल्या, हायरम त्या मॅकगिलच्या हातात देणार तेवढ्यात लांब गाडीपासून किझीची हाक आली.

"हायरम, पोरगी डोळं फिरवाय लागलीया."

लोव्ही, त्यांची तीन वर्षांची पोर, दोन दिवस तापानं भाजत होती. हायरम हातातल्या सळयांची मोळी घेऊन तसाच पळाला. गवत कमरेला लागत होतं. पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं, ओली फडकी गुंडाळली, ती जरा शांत झाली तसा तो परत आला आणि मॅकगिलला म्हणाला, "धर." मोजल्या नाहीत.

पुढची खेप सुरू झाली. मॅकगिल ओरडला, "संपल्या."

आता हायरमनं मोजायचं होतं. पण तो मान वळवून गाडीकडं बघत होता.

"दहा," तो म्हणाला.

बर्चनं वहीत चाळीस लिहिलं आणि खुंटी ठोकायला लावली.

लोव्ही तिसऱ्या दिवशी गेली. खुंटीच्या पलीकडं मसणवटा करायचा असं कर्नलनं आधीच ठरवलेलं होतं, म्हणून खुंटीपासून दक्षिणेला आठ पावलांवर खड्डा घेतला. हायरम आणि बर्च दोघं खणत होते. भुई म्हणजे पाटा. कमरेइतकं झालं तसा बर्च म्हणाला, "आनखी हातभर घेऊ."

"बास," हायरम म्हणाला. "तिला लई खाली नगं."

किझीनं पोरीच्या पायात नवे लाल जोडे घातले. हिवाळ्यासाठी मोठ्या मापाचे घेतले होते, पुढं चवड्याला तांब्याची टोपी, पोरांनी ठेचाळून फाडू नयेत म्हणून असते तशी. लोव्हीनं ते एकदाही घातले नव्हते. पेटी म्हणून घोड्यांच्या चाऱ्याचं खोकं होतं. उशाशी फळी रोवली, तिच्यावर हायरमनं तापल्या सळईनं नाव उमटवलं.

किझीनं मग खाणं सोडलं. बोलणंही. ऑक्टोबरात हायरमनं तिला मिझुरीत सेंट जोसेफला तिच्या बहिणीकडं पाठवलं. म्हणाला, थंडी सरली की ये.

डिसेंबरात रेल्वेचे मोजणीदार आले. त्यांनी मधल्या दगडापासून दक्षिणेची ओळ पुन्हा धरली आणि खुंटीपाशी आल्यावर त्यांचा म्होरक्या म्हणाला, "एकोणचाळीस."

कर्नलच्या दुकानात त्या संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती होते. कर्नल पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा फेऱ्या मारत होता. गाव सहासष्ट फूट आखूड निघालं होतं, आणि ते रेल्वेवाल्यांसमोर.

"साखळी कुनी धरली हुती?" त्यानं विचारलं.

मॅकगिल उन्हाळ्यातच निघून गेला होता. हायरम हातांवर फुंकर मारत उभा होता. बर्चनं त्याच्याकडं पाहिलं. कसं पाहिलं, हे हायरमला मरेपर्यंत सांगता आलं नाही. राग नव्हता त्यात. सळया मोजल्यासारखं पाहिलं.

"वही माझी हाय," बर्च म्हणाला. "चूक माझी."

"मग तुझी साखळी घे आन वाट धर," कर्नल म्हणाला. "माझ्या गावात आंधळा मोजनीदार नगं."

सळया मोजल्या नव्हत्या, हे हायरम तेव्हा सांगू शकला असता. समोर आख्खा हिवाळा होता. कामावरून गेला तर बायकोला आणायचं कुठं?

सकाळी बर्च खेचरावर सामान बांधत होता. कान्ससात आता त्याला कुणी काम देणार नव्हतं, पश्चिमेला जाणार होता. त्यानं साखळी आणि सळयांची मोळी हायरमच्या हातात दिली.

"मला काय करायचीय ही?"

"मोजून घे," बर्च म्हणाला.

तो दिसेनासा झाल्यावर हायरमनं मोजल्या. दहा होत्या.

हद्द एक साखळी पुढं सरकली. ठेसणाचा रस्ता त्या नव्या पट्ट्यातून जाणार होता आणि लोव्ही बरोबर त्यात आली होती. कर्नलनं, खरं बोलायचं तर, स्वतः हायरमला सांगितलं, "पोरीला टेकडीवर हलव. तिथं नवा मसणवटा देतोय. माझी आई तिथंच निजवीन म्हणतो." म्हातारी त्या वेळी जिवंत होती, शेजारी बसून विणत होती.

हायरमनं मान हलवली. पण भुई गोठून लोखंड झाली होती. एकदा गेला, टिकाव मारला, ठिणगी उडाली. म्हणाला, वितळू दे जरा. खरं म्हणजे त्याला ते खोकं उघड्यावर बघायचं नव्हतं. फेब्रुवारीत भुई सुटली, पण तेव्हाच रुळांखालच्या लाकडांसाठी झाडं तोडायचं काम निघालं, आठ दिवस तो ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला. परत आला तर सगळा पट्टा तळहातासारखा सपाट. रेल्वेनं चाळीस खेचरं लावली होती. ठेसणाच्या पातळीला आणायला त्यांनी कमरेइतकी भुई खरवडून नेली होती आणि रुळांच्या भरावात टाकली होती.

"हितं एक फळी हुती," हायरम खेचरवाल्याला म्हणाला.

"फळ्या लई हुत्या, दादा. जाळून कॉफी केली त्यावर."

खुंटी नव्हती, फळी नव्हती, गवताची काडी नव्हती. मधल्या दगडापासून एकोणचाळीस साखळ्या आणि आठ पावलं, हे हायरमला पाठ होतं. पण साखळी एकट्यानं ओढता येत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि माणूस विचारतो. चार दिवसांनी किझी येणार होती.

तो टेकडीवर गेला. नव्या मसणवट्यात कोपऱ्यात एक लहानसा उंचवटा केला, तीन वर्षांच्या पोरीएवढा. नवी फळी रोवली.

"हलवली तिला," किझी आल्यावर तो म्हणाला. "हितनं आख्खं गाव दिसतंय."

किझी त्या उंचवट्यापाशी बसली आणि पोर गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. मग उठून म्हणाली, "भूक लागलीया." त्या रात्री तिनं मक्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. आता हिला कसं सांगायचं? आणि आज सांगायचं नाही म्हटल्यावर उद्या का सांगायचं?

असं करता करता अडतीस वर्षं गेली. किझीची कूस पुन्हा उजवली नाही. फळीच्या जागी तिनं दगड बसवून घेतला, उशाशी जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झाड लावलं. दर मे महिन्यात सगळा गाव आपापल्या मेलेल्यांवर फुलं वाहतो, त्या दिवशी किझी पहाटे सगळ्यांआधी तिथं असायची. ती पोरीशी बोलायची. कोंबड्यांचं, शेजारणीचं, कर्नलची आई मेली त्याचं, "आता तुला सोबत झाली, पर म्हातारी लई बोलती, तू झोपल्याचं सोंग घे." हायरम मागं टोपी हातात घेऊन उभा. त्याची नजर खाली फ्रंट स्ट्रीटवर. तिथं गाड्या चालत असायच्या.

एकोणीसशे आठ साली गावानं ठरवलं की टेकडीवर पाण्याची टाकी बांधायची. मसणवटा हलवायचा. ओढ्यापलीकडं नवी, कुंपणाची जागा घेतली. ज्यानं त्यानं आपली माणसं जुन्या लोकांच्या मेळ्याआधी हलवावीत अशी नोटीस लागली. जुन्या लोकांचा मेळा म्हणजे आमच्याकडचा जूनमधला मोठा दिवस. पहिल्या सालच्या माणसांना छातीवर पिवळी फीत मिळते, बँड वाजतो आणि प्रुइटांपैकी कुणीतरी भाषण करतो.

काम साहजिकच हायरमकडं आलं. सहासष्ट वर्षांचा म्हातारा, पण कबरींत त्याच्याइतका हात कुणाचा? त्यानं कर्नलला हलवलं, कर्नलच्या आईला, मेव्हण्याला, पाद्र्याला. कर्नलची पेटी शिशाची होती, सहा माणसं लागली. "जिता हुता तवाबी जड हुता," हायरम म्हणाला.

लोव्हीला त्यानं शेवटी ठेवलं. त्याचं ठरलं होतं. पाइनची छोटी पेटी करायची, आत थोडी माती आणि फडकं, आणि खिळे ठोकून टाकायचे. किझीचे पाय सुजले होते, चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरनं हायरमला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बर्फ पडायला लागेपर्यंत काढील. म्हणजे ती टेकडीवर येणार नाही, असं त्यानं धरलं होतं.

"खुर्ची गाडीत टाक," किझी म्हणाली. "मी येनार हाय."

"कशाला? वर ऊन हाय."

"तिचा जोडा बघायचाय मला. चामडं गेलं आसंल. तांब्याच्या टोप्या आसतील. तांबं जात न्हाई." मग थोड्या वेळानं, "मी मेल्यावर त्या माझ्या हातात दे. एवढंच मागती."

हायरम बाहेर गेला आणि लाकडाच्या ढिगावर बराच वेळ बसला. दुपारी तो लायमन टटलच्या दुकानात गेला.

"पोरांचं जोडं हायेत? फुडं तांब्याची टोपी आसलेलं?"

टटलनं चष्मा वर केला. "काका, ते जोडं मी पोरगा हुतो तवा मिळायचं. आता कुनी करत न्हाई. कुनासाठी पायजेत? म्हातारपनी पाळना हालला का काय तुमच्यात?"

दुकानातली माणसं हसली. हायरमही हसला. मग त्याचं तोंड तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि टटलनं घाईनं चष्मा खाली केला.

घरी किझी ओसरीत शेंगा सोलत होती. हायरम पायरीवर बसला, तिच्याकडं पाठ करून.

"टेकडीवर न्हाई ती," तो म्हणाला.

शेंगा सोलायचा आवाज चालू होता.

"मी हलवली न्हाई. मी लाकडं तोडाय गेलो आन त्येंनी रस्ता केला. कमरेइतकी भुई नेली. तिथंच कुठंतरी हुती. फ्रंट स्ट्रीटला."

आवाज थांबला.

त्यानं सगळं सांगितलं. सळई, दहा, बर्च, फळी, सगळं. क्रमानं सांगितलं नाही, पण सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुला आधी सांगितलं आसतं तर तुला वाटलं आसतं, आपन हाक मारली म्हनून सळई पडली."

"माझ्यावर ढकलू नगंस," किझी म्हणाली.

"ढकलत न्हाई."

"ढकलतूयास. अडतीस वरसं झाकलंस आन आता म्हनतूस माझ्यासाठी." तिनं शेंगांचं टोपलं मांडीवरून खाली ठेवलं. "म्हनून तिथं माती चाळत बसायचास."

"व्हय."

"आन मी दगडाशी बोलत हुते."

पायरीवर पडलेलं एक टरफल त्यानं उचललं.

"एकदा मला वाटलं हुतं, ती हसली," किझी म्हणाली. "लायलॅक फुललं तवा."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या सकाळी, जुन्या लोकांच्या मेळ्याच्या दिवशी, तिनं कपडे घातले, पिवळी फीत लावली आणि म्हणाली, "साखळी कुठं हाय?"

"शेडात."

"आन. दुसरं टोक मी धरती."

"किझी, अर्धा मैल हाय. तुला दारापतूर चालवत न्हाई."

"मोजताना थांबतात ना सळईपाशी? मीबी थांबीन."

मधला दगड कोर्टाच्या अंगणात आहे, त्याच्याभोवती त्या दिवशी फुलांचे हार होते. सकाळी नऊच्या सुमारास लोक बाकांवर बसायला लागले होते, आणि ही दोन म्हातारी माणसं दगडाशी वाकून गंजकी साखळी सोडत होती. हायरम पुढं, किझी मागं. सळया दहाच होत्या. सगळ्या संपल्या की नऊ साखळ्या धरायच्या, असं त्यांनी ठरवलं. निघण्याआधी किझीनं त्या मोजल्या, मोठ्यानं, एकेक.

"दहा," ती म्हणाली. "आता चल."

मेन स्ट्रीट सजवलेला होता. फुटपाथवर माणसांची गर्दी. पहिल्यांदा लोकांना वाटलं, मेळ्यातलाच काहीतरी खेळ आहे, जुन्या काळची मोजणी करून दाखवतायत.

"काका, गाव पुन्हा मोजताय? कुठं सांडलं का काय?"

"टॅक्स कमी होनार आसंल तर माझ्या दारावरनं न्या."

"किझीमावशी, म्हाताऱ्याला दोरीला बांधून फिरवायचं आज सुचलं व्हय?"

किझी समोर बघून चालत होती. साखळी ताणली की सळई, सळईपाशी खुर्ची. तबेल्यातला एक पोरगा न सांगता तिची खुर्ची मागं मागं घेऊन येत होता. प्रत्येक सळई ती स्वतः उपटत होती. तेवढं वाकलं की तिचे ओठ निळे पडायचे. प्रत्येक खेपेला ती मोजत होती. अठरा साखळ्यांनंतर हसणं थांबलं. सत्तावीसनंतर रस्ता आपोआप मोकळा होत गेला. हायरम मागं वळून बघत नव्हता. साखळी ताठ झाली की दुसऱ्या टोकाला ती आहे एवढं त्याला कळत होतं.

एकोणचाळीसावी साखळी फ्रंट स्ट्रीटच्या कडेला संपली. तिथून हायरमनं आठ पावलं टाकली. म्हाताऱ्याची पावलं आखूड पडतात म्हणून त्यानं ती लांब टाकली, अठ्ठावीस वर्षांच्या गड्याची. तो रस्त्याच्या बरोबर मधोमध, चाकोरीत उभा राहिला. हॉटेल डाव्या हाताला, धान्याचा काटा उजव्या. दोन्हीकडं त्यानं खणलं होतं. मधे कधी कुणी खणलं नव्हतं. चालत्या रस्त्यात कोण कशाला खणेल?

"खन," किझी म्हणाली आणि तिथंच खुर्चीवर बसली.

मिरवणूक ठेसणावरून निघायची होती. बँडवाले येऊन थांबले, मागं झेंडे, मागं कर्नलचा पोरगा वॉल्टर प्रुइट उघड्या बग्गीत. तो उतरून आला. माणूस वाईट नव्हता. किझीच्या फितीकडं पाहून त्यानं हॅट काढली.

"काकू, मिरवणूक जाऊ द्या. मग दुपारी मी स्वतः चार माणसं देतो. बाबांची शपथ."

"तुझ्या बाच्या रस्त्यासाठी हितनं चाळीस खेचरं गेली," किझी म्हणाली. "खाली माझी पोरगी हुती. आज तुझी घोडी जराशी मागनं जाऊ द्यात."

वॉल्टरनं हायरमकडं पाहिलं. हायरम गुडघ्यावर बसला होता. वॉल्टर परत गेला, बग्गी वळवली, आणि मिरवणूक लाकडाच्या वखारीमागून गेली, बँड न वाजवता.

वरचा कोळशाचा चुरा आणि खडी टिकावानं काढावी लागली. कुणीतरी फावडं घेऊन पुढं झालं, किझीनं हातानं थांबवलं. "त्यो खनंल." खाली पिवळी भुई लागली, पाट्यासारखी, कुणाचा हात न लागलेली. हायरम छोट्या फावड्यानं सरकत गेला, एक हात डावीकडं, एक हात उजवीकडं. आणि मग पिवळ्या भुईत एक काळी कड लागली. सरळ. त्यानं ती कड बोटांनी धरली, कोपरा आला, काटकोनात. दुसरा कोपरा आला. त्यानं फुंकर मारून धूळ उडवली. तीन फुटांचा लांबट चौकोन, पिवळ्यात काळा, जणू कुणी ओल्या चादरीची घडी ठेवून उचलली. त्याचा आणि बर्चचा खड्डा. तळाची माती तेवढी उरली होती.

चार बोटं खोल होती. त्यानं सगळी चाळली. जोडा नव्हता. टोपी नव्हती. काहीच नव्हतं. वरचं सगळं खेचरांनी नेलं होतं, रुळांच्या भरावात कुठंतरी, आणि भराव दोन मैल लांब.

"आनखी हातभर खनलं आसतं," हायरम म्हणाला. "बर्च म्हनत हुता."

किझी खाली वाकली आणि काळ्या मातीत हात घातला. बराच वेळ ठेवला.

"पेटीत भर," ती म्हणाली. "पिवळी नगं मिसळूस."

त्यानं भरली. ती पेटी ओढ्यापलीकडच्या नव्या जागेत ठेवली. किझी त्यानंतर नवऱ्याशी बोलली, घरातलं जेवढं लागतं तेवढं. कॉफी दे, दार लाव. एकदा, ऑक्टोबरात, तो तिचे पाय चोळत असताना ती म्हणाली, "मला तिच्याजवळ ठेव. पेटी माझ्या हाताखाली येऊ दे."

"बरं. आन मी?"

घाईनं बोलणारी बाई ती नव्हती.

"तू एक साखळी लांब," ती म्हणाली.

"बरं," हायरम म्हणाला आणि चोळत राहिला.

पहिलं बर्फ पडायच्या आत ती गेली. तिची कबर त्यानं एकट्यानं खणली, पुरुषभर खोल, आणि वर आणखी हातभर. लोक परतल्यावर तो थांबला. तिच्या उशाशी खुंटी ठोकली, साखळीचं मागचं टोक त्या खुंटीत अडकवलं, कारण धरायला कुणी नव्हतं. मग चालत गेला, साखळी ताठ केली, सळई रोवली. हातात नऊ राहिल्या. त्यानं त्या मोजल्या, मोठ्यानं, रोवलेलीही धरून.

चार वर्षांनी त्याला तिथं पुरलं. तेव्हा त्या कुंपणात जागा बक्कळ होती आणि म्हातारा एकटाच लांब का, हे नव्या खड्डेवाल्याला कळलं नाही. पण सळई रोवलेली होती आणि टटलनं सांगितलं, तिथंच. आता मधली जागा भरलीय. किझी आणि हायरमच्या मधल्या सहासष्ट फुटांत एकोणीस माणसं आहेत. त्यांतला एक वॉल्टर प्रुइट.